आजेसासूबाईंचं घर आणि सात वारस

पत्र (थोडं काटछाट करून):

काकू, मी मूळची सांगलीची, गेली नऊ वर्षं अटलांटात. नवरा इथलाच, कृष्णवर्णीय. चार वर्षांची मुलगी आहे. भाड्यापायी महिना २,१०० डॉलर जातात. घर घेऊ म्हटलं की नवरा म्हणतो, "बँक आपली नसते." मागच्या महिन्यात कसंबसं त्याला एका लोन ऑफिसरकडे नेलं. त्याने साडेतीन टक्के डाऊन पेमेंटचं, सरकारी हमीचं एफएचए कर्ज सुचवलं. कागद दिले, पण त्यातलं निम्मं आम्हाला कळलं नाही. मंडळातल्या मैत्रिणी म्हणतात, उत्तरेकडच्या उपनगरात घे, "त्या भागात" घराला किंमत येत नाही. तो भाग म्हणजे कॉलियर हाइट्स. तिथे माझ्या आजेसासूबाईंचं घर आहे, १९६१ साली १७ हजारांना घेतलेलं. अलीकडेच शेजारचं तसंच घर ३ लाखांना गेलं. आजी २०२१ साली वारल्या. मृत्युपत्र नाही, कर्जही नाही, घर अजून त्यांच्याच नावावर. तिथे आत्येसासूबाई राहतात. एक चुलत सासरे डेट्रॉइटला असतात. माझे सासरे आणि धाकट्या आत्येसासूबाई आजींच्या आधीच गेले. सासऱ्यांची दोन मुलं, म्हणजे माझा नवरा आणि नणंद. धाकट्या आत्यांची तीन. "तुमचं घर रोखीने घेतो" अशी पिवळी कार्डं दर आठवड्याला येतात. टेक्सासच्या आतेदिरांना त्यांच्या हिश्शाचे १५ हजार देऊ केलेत आणि ते सही करायच्या बेतात आहेत. सगळंच विकून त्या पैशात आपलं घर घ्यावं का? टॅक्स किती बसेल? (नवरा चार वर्षं आर्मीत होता, आता शहरात बस चालवतो. मी लॅबमध्ये नोकरी करते. दोघांचे क्रेडिट स्कोअर ७००च्या आसपास.)
— गोंधळलेली, डिकेटर

उत्तर:

काकू म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते.

आधी आज रात्री टेक्सासला फोन लावा. बाकीचं उत्तर नंतर वाच.

आतेदिरांना सांगायचं ते इतकंच: आजींना चार मुलं, म्हणून घराचे चार हिस्से. तुझ्या आत्येसासूबाईंचा पाव, डेट्रॉइटच्या काकांचा पाव. तुझ्या सासऱ्यांचा पाव तुझा नवरा आणि नणंद यांच्यात, म्हणजे एकेकाला आठवा हिस्सा. धाकट्या आत्यांचा पाव तीन मुलांत, म्हणजे एकेकाला बारावा. घर ३ लाखांचं धरलं तर बाराव्या हिश्शाचे २५ हजार होतात. १५ हजार देणारा माणूस मेहेरबानी करत नाहीये. आणि खरी गोम तर पुढेच आहे. त्याला बाराव्या हिश्शाशी काही घेणंदेणं नाही. सही मिळाली की तो सहमालक होतो, आणि कुठल्याही सहमालकाला वाटणीसाठी कोर्टात जाता येतं. तीन खोल्यांच्या घराचे सात तुकडे पडत नाहीत, म्हणून पूर्वी कोर्ट सरळ लिलावाचा हुकूम द्यायचं. आत्याबाई रस्त्यावर आणि घर त्याच्या घशात. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय कुटुंबांच्या किती शेतजमिनी अशा गेल्या, ते ऐकलंस तर झोप लागायची नाही.

तू सांगलीची आहेस, त्यामुळे हे तुला नव्याने समजावायला नको. सातबाऱ्यावर अजून पणजोबाच, वारसनोंद कोणी केलीच नाही, पुण्यातला चुलतभाऊ हक्कसोड पत्राला तयार नाही, मुंबईतली आत्या फोन उचलत नाही. तीच गोष्ट. इथे तिला 'हेअर्स प्रॉपर्टी' म्हणतात, वारसांची सामाईक मिळकत. फरक एवढाच, की आपल्याकडे निदान तलाठी नावाचा एक माणूस असतो, त्याच्याकडे खेटे घालता येतात.

जॉर्जियाने २०१२ साली कायदा बदलला, ही त्यातल्या त्यात बरी बातमी. आता कोणी वाटणीचा दावा लावला तर कोर्टाला घराची रास्त किंमत ठरवावी लागते आणि विक्री मागणाऱ्याचा हिस्सा विकत घेण्याची संधी उरलेल्या वारसांना आधी द्यावी लागते. पण त्यासाठी ठरलेल्या मुदतीत पैसे उभे करावे लागतात, आणि ते नेमके त्या वेळी कोणाकडेच नसतात. म्हणून दावा येण्याची वाट बघू नका. प्रोबेट कोर्टात, म्हणजे वारसा आणि मृत्युपत्रांचं काम बघणाऱ्या कोर्टात, जाऊन वारस ठरवून घ्या, घर आजींच्या नावावरून उतरवा. अटलांटातच 'जॉर्जिया हेअर्स प्रॉपर्टी लॉ सेंटर' नावाची ना-नफा संस्था आहे, ती हेच काम करते. आधी तिथे विचार, मग खाजगी वकील बघ.

हे झाल्याशिवाय त्या घराचं काहीच होणार नाही. दुरुस्तीला कर्ज मिळणार नाही, कारण मालक हयात नाही. आजींच्या नावची मालमत्ता कराची सवलत त्यांच्याबरोबर गेली. जो तिथे राहतो त्याने मालकी दाखवून नव्याने अर्ज करायचा, त्या वर्षीची सवलत हवी तर १ एप्रिलपर्यंत. अटलांटात घरांच्या किमती चढल्या तसा करही चढलाय, आणि थकलेल्या करापायी घर जाणं हे लिलावाइतकंच वाईट. कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात राहिलेल्या लोकांचे मदतीचे अर्ज अडले, कारण कागदावर मालक कोण तर मेलेली आजी.

टॅक्सचं विचारलंस. इथे तुम्हाला नशिबाने साथ दिलीय. आजींनी जिवंतपणी "करून टाकते बाई मुलीच्या नावावर" म्हणून घर बक्षीस दिलं असतं, तर त्यांची १७ हजारांची खरेदीच मुलीची खरेदी धरली असती आणि विकताना जवळजवळ सगळाच फायदा कराच्या कचाट्यात सापडला असता. वारसाने आलेल्या घराची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीची धरतात. म्हणजे २०२१ साली जी होती ती. त्यापुढे वाढली तेवढ्यावरच कर. तेव्हा "टॅक्समध्ये सगळं जाईल, आताच विका" असं सांगणाऱ्याला तुझ्या खिशाची चिंता नाही. २०२१ सालच्या किमतीचं अप्रेझल, म्हणजे तज्ज्ञाने केलेलं घराचं मूल्यांकन, आता मागाहूनही करून मिळतं. ते करून ठेव.

विकायचं का? माझं मत: नाही, निदान आत्याबाई तिथे राहतात तोवर तरी नाही. तुझ्या नवऱ्याच्या आठव्या हिश्शाचे फार तर साडेसदतीस हजार होतील. त्यापायी एका म्हातारीचं घर मोडायचं आणि, पुढे सांगते, तुम्हाला त्या पैशांची गरजही नाही.

आता नवऱ्याबद्दल. "बँक आपली नसते" हे वाक्य तू लिहिलंस त्यात थोडा वैताग दिसला. मी अमेरिकेत २२ वर्षं कर्ज खात्यात काम केलं. त्याचं म्हणणं मी तरी हसण्यावारी नेणार नाही.

गुलामगिरी संपता संपता, १८६५ साली, मुक्त झालेल्या लोकांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली. लोकांनी पै-पै आणून ठेवली. विश्वस्तांनी तो पैसा सट्टेबाजीच्या कर्जांत घातला आणि १८७४ साली बँक बुडाली. ६१ हजार खातेदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. त्यानंतर १९३४ साली सरकारने एफएचए काढली. तुम्हाला परवा सुचवलं ते कर्ज याच संस्थेच्या हमीचं. आज ३० वर्षांचा हप्ता, थोडकं डाऊन पेमेंट हे सगळं जे आपण गृहीत धरतो, ते तिनेच रूढ केलं. पण तिच्या नियमावलीत कृष्णवर्णीय वस्ती म्हणजे धोका, असं सरळ धरलं होतं. त्याच दशकात सरकारी नकाशांवर अशा वस्त्या लाल रंगाने भरल्या गेल्या. लाल म्हणजे कर्ज द्यायला घातक. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीची कर्जं मिळाली म्हणतात ना? मिसिसिपीत १९४७ साली घर, धंदा आणि शेतीसाठी अशी ३,२२९ कर्जं दिली गेली. त्यातली दोन कृष्णवर्णीय सैनिकांना. दोनशे नव्हे, दोन.

बँकेने दार लावलं की लोक शिकागोत 'करारावर' घर घ्यायचे. हप्ते भरत राहायचे, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्या नावावर. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही. तिथल्याच नॉर्थ लॉनडेल वस्तीतल्या लोकांनी १९६८ साली संघटना करून हप्ते रोखले, तेव्हा कुठे जगाला कळलं. वर्णावरून घर किंवा घरासाठी कर्ज नाकारायला बंदी करणारा कायदाही १९६८चाच, आणि कर्जव्यवहारातला भेदभाव थांबवणारा व्यापक कायदा १९७४चा, पण त्यात वर्ण आला तो १९७६ साली. तरी १९८८ साली अटलांटाच्याच दैनिकाने बँकांचे आकडे काढून दाखवलं, की सारख्याच उत्पन्नाच्या गोऱ्या वस्त्यांना कृष्णवर्णीय वस्त्यांच्या पाचपट कर्जं मिळतात.

आणि हे सगळं जुनं म्हणून सोडावं, तर २००५-०६ मी स्वतः पाहिलंय. मी होते त्या कचेरीचं नाव घेत नाही. चांगला स्कोअर, पक्की नोकरी, अशा बाईच्या फाइलवर पहिली दोन वर्षं स्वस्त आणि मग भडकणाऱ्या व्याजाचं कर्ज लावलेलं. मी विचारलं तर उत्तर, "तिने दुसरं मागितलंच नाही." ती एका चर्चमधल्या ओळखीने आली होती आणि तिच्यामागून त्याच चर्चमधल्या आणखी आठ-दहा बायका आल्या. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. पुढे २०११ साली कंट्रीवाइड या बड्या गृहकर्ज कंपनीने सरकारशी ३३ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड केली. आरोप हाच, की दोन लाखांहून जास्त कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कर्जदारांकडून जास्त पैसे घेतले किंवा त्यांना महागड्या कर्जाकडे ढकललं.

म्हणून नवऱ्याला "तू उगाच घाबरतोस" म्हणू नकोस. बँक आपली नसते, हे खरंच आहे. ती माझीही नव्हती, आणि मी तिचा पगार घेत होते. त्याच्या घराण्यात जे कोणी कधी शिकवू दिलं नाही, ते म्हणजे त्या कागदात काय वाचायचं. ते आता वाचू.

आणि बघ, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू कंसात टाकलीस. नवरा चार वर्षं आर्मीत होता! अगं, मग एफएचए कशाला? सन्मानाने सेवा संपली असेल तर त्याला व्हीए कर्जाचा, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी हमीच्या कर्जाचा, हक्क आहे. डाऊन पेमेंट शून्य, दर महिन्याचा मॉर्गेज इन्शुरन्स (कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई देणारा, पण हप्ता आपण भरायचा असा विमा) नाही, आणि हा हक्क शिळा होत नाही. एकरकमी फी लागते. पहिल्यांदा आणि शून्य डाऊनवर घेतलं तर २.१५ टक्के, आणि ती कर्जात मिळवता येते. सेवेतल्या दुखापतीचा भत्ता मिळत असेल तर तीही माफ. तुमच्या लोन ऑफिसरने त्याला सैन्याबद्दल विचारलंच नाही, की विचारून सोडून दिलं, देव जाणे. ज्या योजनेत मिसिसिपीत दोन कर्जं दिली गेली, तीच ही योजना. त्याला हे सांग, आणि वाद न घालता नुसतं पात्रतेचं प्रमाणपत्र मागवायला लाव. ते ऑनलाइन मिळतं.

तरी एफएचएचा हिशेब कळू दे. ३ लाखांच्या कर्जावर सुरुवातीला १.७५ टक्के विमा, म्हणजे ५,२५० डॉलर, आणि वर दरसाल साधारण ०.५५ टक्के, म्हणजे महिना १३७ डॉलरच्या आसपास. डाऊन पेमेंट १० टक्क्यांहून कमी असेल तर हा विमा कर्ज संपेपर्यंत सुटत नाही. साध्या कर्जावरही विमा असतो, पण मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर कर्ज आलं की तो काढायला अर्ज करता येतो. किती लोक तो अर्ज करतच नाहीत!

आता हप्ता. ३ लाख, साडेसहा टक्के, ३० वर्षं: महिना १,८९६ डॉलर. पहिल्या हप्त्यात १,६२५ व्याज आणि २७१ मुद्दल. निम्मं मुद्दल फिटायला २१ वर्षं लागतात. यावर मालमत्ता कर आणि घराचा विमा, जो बँक हप्त्याबरोबर वेगळ्या खात्यात, 'एस्क्रो'त घेते. म्हणजे भाड्यापेक्षा महिना जास्तच जाईल, आणि पाणी तापवायची टाकी फुटली तर घरमालकाला फोन करायची सोय नाही. चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर एक वर्ष थांबा. घर घेतलं की आपोआप श्रीमंती येते असं मी सांगणार नाही. भाव कोसळायच्या तोंडावर, २००६ साली घेतलेल्यांना विचार.

दर मात्र तीन ठिकाणी काढ. सगळे अर्ज दोन आठवड्यांच्या आत केलेस तर स्कोअरच्या हिशेबात ती एकच चौकशी धरतात. अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे महिना १०० डॉलर, ३० वर्षांत ३६ हजारांच्या आसपास. अर्ज केल्यापासून कामाच्या तीन दिवसांत प्रत्येकाने तीन पानी 'लोन एस्टिमेट' द्यावाच लागतो. सगळ्यांचा नमुना एकच असतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिन्ही शेजारी ठेवा आणि नवऱ्यालाच लाल पेन द्या. अडलं तर एचयूडीने, म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने, मान्यता दिलेला हाउसिंग काउन्सिलर गाठा. तो फुकट किंवा नाममात्र पैशात सांगतो आणि त्याला कर्ज विकायचं नसतं.

मैत्रिणींचं राहिलं. "त्या भागात" हा शब्द मी पण पार्ट्यांमध्ये ऐकलाय, गुलाबजामच्या वाटीबरोबर. आपल्यापैकी किती जणांना मुंबई-पुण्यात आडनाव ऐकून जागा नाकारली गेली आणि किती जणांच्या घरात ती नाकारली गेली, हा हिशेब एकदा मंडळातच मांडायला हवा. कॉलियर हाइट्स १९५०च्या दशकापासून कृष्णवर्णीय बिल्डरांनी, कृष्णवर्णीय घरमालकांसाठी वसवलेली वस्ती. आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे. आजींनी घर घेतलं त्याच्या पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६२मध्ये, शहराने पेटन रोडवर चक्क अडथळे उभारले, पलीकडच्या गोऱ्या वस्तीत कृष्णवर्णीय ग्राहक जाऊ नयेत म्हणून. मार्चमध्ये कोर्टाने ते काढायला लावले. आत्याबाईंना विचार, त्यांना आठवत असेल.

पण मैत्रिणी म्हणतात त्यात एक कडू खरं आहे. ब्रुकिंग्ज या संशोधन संस्थेने २०१८ साली दाखवलं, की घर तसंच, सोयी तशाच, तरी कृष्णवर्णीय वस्तीत असलं तर किंमत सरासरी २३ टक्क्यांनी कमी लागते. घर घेताना ते स्वस्त पडतं, विकताना बोचतं. तुम्हाला तिथे १५-२० वर्षं राहायचं असेल तर घ्या. पाच वर्षांत बदलीची शक्यता असेल तर उपनगर काय आणि शहर काय, भाडंच बरं. अप्रेझलच्या दिवशी घर दाखवायला कोणी उभं राहायचं, हा प्रश्न तुमच्या घरात कधीतरी येईल. कॅलिफोर्नियातल्या मरीन सिटीत एका कृष्णवर्णीय जोडप्याच्या घराची किंमत ९ लाख ९५ हजार लावली गेली. भिंतीवरचे फोटो काढून गोऱ्या मैत्रिणीला उभं केलं तर १४ लाख ८२ हजारांवर गेली. फोटो काढायचे की नाही, हे मी नाही सांगणार. तो निर्णय त्याचा. किंमत खोटी वाटली तर शेजारच्या विक्रीचे आकडे जोडून फेरविचाराची लेखी मागणी करता येते, एवढं लक्षात ठेव.

घर ठरलं की खरेदीखतावर दोघांची नावं 'जॉइंट टेनंट्स विथ सर्व्हायव्हरशिप' म्हणून हवीत, म्हणजे एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं; हे शब्द नीट वाच. नुसती दोन नावं असली तर जॉर्जियात दोघांचा वेगवेगळा अर्धा हिस्सा धरतात. उद्या मृत्युपत्राशिवाय नवऱ्याला काही झालं, तर त्याचा अर्धा तू आणि तुझी मुलगी यांच्यात वाटला जाईल. म्हणजे पाव घराची मालकीण चार वर्षांची पोर, आणि तिच्या वतीने सही करायला कोर्टाची परवानगी. आजींच्या घराचं जे झालं, तेच तुमच्या दिवाणखान्यात सुरू. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पक्की होते त्या आठवड्यातच मृत्युपत्रं करा. दोघांचीही. तुझी सांगलीची आई अपशकून म्हणेल, म्हणू दे.

आणि या रविवारी आत्याबाईंकडे जेवायला जाल तेव्हा त्यांच्याकडचं जुनं बायबल मागून घे. अशा घरांत पहिल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहून ठेवायची रीत असते. वारस ठरवताना वकील आधी तेच विचारेल. पानांचे फोटो काढ, तारखा वाचता येतील असे, खिडकीजवळच्या उजेडात.